कोल्हापूरच्या गच्चीवरून अनेक उपग्रह : फिरत्या डिशची जुळवणी

मोटारीवर फिरणाऱ्या डिशची जुळवणी करताना बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते. दक्षिणेकडचा उपग्रह पहिल्या अर्ध्या तासात सापडतो, रिसिव्हरवरील गुणवत्तेची पट्टी भरते, आणि निम्मे काम झाले असे समजून माणूस बैठकीचे बोल्ट आवळून टाकतो. त्यानंतर डिश पूर्वेकडे न्यावी तसतसा सिग्नल खालावत जातो आणि टोकाचा उपग्रह काही केल्या मिळत नाही. कोल्हापूर विषुववृत्तापासून फार दूर नसल्यामुळे ही फसगत येथे अधिक सहज होते. ती कशी ओळखावी आणि दूर करावी, हे या लेखात प्रामुख्याने सांगायचे आहे. बाकीची कृती त्या अनुषंगाने येईल.

आधी आकाशाची मांडणी लक्षात घ्यावी. दूरचित्रवाणीचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. अशा कक्षेतील उपग्रहांवरून साऱ्या जगात प्रक्षेपण करता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडली होती. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.२४ अंश पूर्व रेखांशावर आहे. येथून पाहिले असता ही उपग्रहांची रांग पूर्व क्षितिजावरून उगवून, दक्षिणेला ७०.४ अंशांपर्यंत चढून, पश्चिमेला उतरणाऱ्या कमानीसारखी भासते. जीसॅट-१८ हा भारतीय उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे (पुढेही उपग्रह ‘अमुक अंशांवरील’ म्हटला, की तो त्याचा पूर्व रेखांश समजावा), म्हणजे तो जवळजवळ आपल्याच रेखांशावर, कमानीच्या माथ्यावर उभा आहे. पोलर माउंट पृथ्वीच्या आसाला समांतर अशा एकाच अक्षाभोवती डिश फिरवते. त्यामुळे अक्ष नीट लागला, तर एकाच मोटारीने संपूर्ण कमान धुंडाळता येते.

येथे मी आठ फुटी जाळीची डिश, पोलर माउंट, ३६ व्होल्टचा अठरा इंची ॲक्चुएटर (डिश ढकलणारा मोटारीचा दांडा) आणि सी-बँडचा, म्हणजे ३७०० मेगाहर्ट्झपासूनच्या लहरींचा, एलएनबी (डिशसमोर बसून सिग्नल टिपणारे उपकरण) गृहीत धरला आहे. जुन्या केबलचालकांकडे अशा डिश पडून असतात आणि त्या भंगाराच्या भावात मिळतात. माउंटचा एखादा भाग सडला असेल, तर तो उद्यमनगरातील वर्कशॉपमध्ये करून मिळतो. रिसिव्हर आणि ॲक्चुएटर यांच्यामध्ये डायसेक पोझिशनरचा डबा लागतो. रिसिव्हरची आज्ञा कोॲक्सियल तारेतून या डब्याकडे येते आणि तो मोटारीला वीज पुरवतो. डब्यापासून ॲक्चुएटरपर्यंत चार तारा जातात : दोन मोटारीच्या आणि दोन फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या. सेन्सरसाठी वेगळी शिल्डेड तार वापरावी. अन्यथा मोटारीच्या विजेचे झटके सेन्सरच्या तारेत उतरतात आणि मोजणी चुकते.

जुनी डिश वाकलेली असेल, तर पुढचे सारे श्रम वाया जातात. म्हणून तिच्या काठावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन दोऱ्या ताणून बांधाव्यात. दोऱ्या मध्यभागी एकमेकींना अलगद टेकत असतील, तर काठ सपाट आहे. दोऱ्यांमध्ये बोटभर फट राहत असेल किंवा एक दोरी दुसरीला दाबत असेल, तर जाळीच्या पाकळ्यांचे बोल्ट सैल करून आकार सुधारावा लागतो. एलएनबीचे तोंड डिशच्या केंद्रावर आहे की नाही, हे काठावरील चार समान अंतरांच्या ठिकाणांपासून टेपने मोजून पाहावे. चारही मापे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जुळली पाहिजेत.

खांबासाठी चार इंची जीआय पाइप घ्यावा. स्लॅबला भोके पाडून गळती ओढवून घेण्यापेक्षा तो कॉलमच्या डोक्यावर बसवणे चांगले. खांब सरळ आहे हे केवळ पाणसळ लावून ठरवू नये. स्वस्त पाणसळीची बाटलीच कधी कधी तिरकी बसवलेली असते. ती एकदा लावून, मग उलटी फिरवून पुन्हा लावली की हा दोष उघड होतो. गवंड्याचा ओळंबा असे खोटे बोलत नाही. दोन काटकोनातील बाजूंनी तो खांबाजवळ सोडावा आणि दोरी व पाइप यांतील अंतर वर-खाली सारखे आहे का ते मोजावे. खांब उत्तर-दक्षिण दिशेत थोडा कलला असेल, तर ती चूक अक्षाच्या स्क्रूने भरून काढता येते. मात्र पूर्व-पश्चिम कलाला असा उपाय नाही.

आता कोन. शुद्ध गणिताने अक्षाचा क्षितिजाशी कोन अक्षांशाएवढा, म्हणजे १६.७ अंश असतो आणि त्यावर डिश आणखी २.९ अंश दक्षिणेकडे झुकवावी लागते. या झुकावाला डेक्लिनेशन म्हणतात. आपण पृथ्वीच्या केंद्रावर नसून तिच्या पृष्ठभागावर, विषुववृत्ताच्या उत्तरेला उभे आहोत, म्हणून तो आवश्यक ठरतो. तथापि क्षितिजाजवळचे उपग्रह आपल्यापासून अधिक दूर असल्यामुळे तेथे २.५ अंशच पुरतात. यावर तोड म्हणून अक्षाला ०.४ अंश जादा देऊन तो १७.१ अंशांवर ठेवावा आणि डेक्लिनेशन २.५ अंश ठेवावे. दोहोंची बेरीज १९.६ अंशच राहते, आणि तपासणीसाठी हीच संख्या सर्वांत उपयोगी आहे. डिश दक्षिणेकडे असताना तिच्या काठावर उत्तर-दक्षिण अशी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी टाकली, तर तिचा आडव्या रेषेशी कोन १९.६ अंश आला पाहिजे. यासाठी महागडे साधन लागत नाही. शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्यबिंदूवर दोरा चिकटवून त्याला एक नट बांधला, की अर्ध्या अंशापर्यंत माप मिळते. नवख्या माणसाला ही डिश परातीसारखी जवळजवळ आभाळाकडे तोंड करून ठेवलेली दिसते आणि काहीतरी चुकले असे वाटते. पण आपल्याकडे ती तशीच असते.

यानंतर खरी दक्षिण शोधावी. होकायंत्राचा उत्तर-दक्षिण फरक आपल्या भागात फार थोडा आहे, परंतु गच्चीवर त्याचा भरवसा धरता येत नाही, कारण स्लॅबमधील सळ्या, टाकीचे लोखंडी स्टँड आणि खुद्द खांब सुईला ओढून घेतात. सूर्य अधिक विश्वासू आहे. सूर्य मध्यान्ही बरोबर दक्षिणेला असताना ओळंब्याच्या दोरीची सावली खरी उत्तर-दक्षिण रेषा दाखवते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे कोल्हापूरचा मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३३ मिनिटांनी होतो. फेब्रुवारीच्या मध्याला तो सुमारे १२.४७ ला आणि नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १२.१७ ला येतो. त्या त्या दिवसाची नेमकी वेळ मोबाइलवरील सूर्योदय-सूर्यास्ताच्या ॲपवर पाहता येते. डिसेंबर-जानेवारी हा काळ या कामासाठी उत्तम. सूर्य खाली असल्याने सावली लांब पडते आणि एका मिनिटाची चूक झाली तरी दिशा जेमतेम एक तृतीयांश अंश बदलते. मार्चअखेरीस तेवढ्याच मिनिटात दिशा पाऊण अंशापेक्षा जास्त सरकते. मे ते ऑगस्टच्या आरंभापर्यंत ही पद्धत विसरावी. साधारण ६-७ मे आणि ५-६ ऑगस्टच्या सुमारास कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस असतो आणि त्यांच्या मधल्या काळात सूर्य मध्यान्ही आपल्या उत्तरेला असतो.

सावलीची रेषा गच्चीवर खडूने आखून माउंटची बैठक त्या रेषेला लावावी आणि बोल्ट हाताने फिरेल इतपतच आवळावेत. नंतर ७६.५ अंशांवरील ॲपस्टार-७ शोधावा. तो दक्षिणेच्या किंचित पूर्वेला आहे. रिसिव्हरमध्ये एलएनबीची स्थानिक वारंवारता ५१५० मेगाहर्ट्झ भरावी, चालू यादीतील एखादा जोरकस ट्रान्सपाँडर (उपग्रहावरील प्रक्षेपक) निवडावा, आणि ॲक्चुएटर अगदी थोडा मागे-पुढे करत गुणवत्तेची पट्टी पाहावी. सिग्नलच्या जोराची पट्टी नुसती तार जोडली तरी वर जाते. तिच्यावर विसंबू नये. पोलर माउंट फिरताना एलएनबीही आपोआप तिरका होत जातो, म्हणून त्याचा कोन माथ्यावरच एकदा नीट लावला, की पुन्हा हात लावावा लागत नाही.

सुरुवातीला सांगितलेली फसगत नेमकी येथे होते. कमानीचा माथा ७० अंशांहून उंच असल्यामुळे, बैठक तीन अंशांनी चुकीच्या दिशेला वळलेली असली तरी डिशची नजर आकाशात सुमारे एकच अंश सरकते. आठ फुटी डिशचा झोत सी-बँडमध्ये साधारण दोन अंश रुंद असतो. शिवाय झालेली चूक ॲक्चुएटरच्या दोन-चार फेऱ्यांत आपल्या नकळत भरून निघते. म्हणजेच माथ्यावरच्या उपग्रहाचा चांगला सिग्नल मिळाला, यावरून डेक्लिनेशन आणि अक्षाची बेरीज बरोबर आहे एवढेच सिद्ध होते. बैठकीच्या दिशेविषयी तो काहीही सांगत नाही. दिल्लीसारख्या उत्तरेकडील शहरात कमान खाली असल्यामुळे ही चूक लवकर लक्षात येते. आपल्याकडे ती लपून राहते आणि टोकाला गेल्यावर उघडी पडते.

मी स्वतः यात दोन रविवार घालवले आहेत. राजारामपुरीतील एका गच्चीवर ७६.५ अंशांचा सिग्नल उत्तम होता, ८३ अंशांवरील जीसॅट-३० जरा कमी गुणवत्तेने येत होता, ९३.५ अंशांवर पट्टी मधूनच लुकलुकत होती आणि १०५.५ अंशांवरील एशियासॅट-७ चा मागमूसही नव्हता. पहिल्या रविवारी मी एलएनबी बदलला आणि तारेचे कनेक्टर नव्याने काढले. दुसऱ्या रविवारी डेक्लिनेशनचे स्क्रू इतके फिरवले, की जवळ होते तेही गेले. अखेर ओळंबा सोडून सावली पाहिली, तेव्हा बैठक तब्बल चार अंशांनी पूर्वेकडे वळलेली आढळली. होकायंत्र मी पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडवर ठेवून वाचले होते. मोजमापाची शिस्त इतरांना सांगत फिरणाऱ्या माणसाने असे करावे, याची आजही लाज वाटते.

म्हणून माथ्यावरचा उपग्रह मिळाल्यावर थेट टोकांकडे जावे. कोल्हापुरातून कमानीवरील कोन साधारण असे येतात : ६६ अंशांवरील इंटेलसॅट-१७ दक्षिणेपासून ९.६ अंश पश्चिमेला, ६८.५ अंशांवरील इंटेलसॅट-२० ६.७ अंश पश्चिमेला, ७६.५ चा २.६ अंश पूर्वेला, ८३ चा १०.२, ९३.५ चा २२.४ आणि १०५.५ चा ३६.२ अंश पूर्वेला. हे आकडे रेखांशांच्या फरकापेक्षा मोठे आहेत, कारण पृथ्वीच्या केंद्रापेक्षा आपण त्या रांगेला अधिक जवळ आहोत. भारतीय वाहिन्यांच्या दृष्टीने उपयोगाचे बहुतेक उपग्रह आपल्या पूर्वेला पडतात, त्यामुळे पूर्वेचे टोक हीच खरी कसोटी ठरते.

टोकाच्या उपग्रहाचा थोडासा जरी सिग्नल मिळाला, तरी डिशच्या दक्षिणेकडील काठाला हात लावून ती हलकेच वर उचलून पाहावी आणि मग खाली दाबून पाहावी. जोर लावू नये. माउंटमधील नैसर्गिक ढिलाईएवढीच हालचाल पुरे. एक जण काठाशी आणि दुसरा टीव्हीसमोर असला की काम सुकर होते. ‘वाढली, वाढली… गेली!’ असा जिन्यातून येणारा आवाज कोणत्याही मीटरपेक्षा कामाचा असतो. पूर्वेच्या उपग्रहावर काठ खाली दाबल्यावर गुणवत्ता वाढत असेल आणि पश्चिमेच्या उपग्रहावर तो वर उचलल्यावर वाढत असेल, तर बैठक पूर्वेकडे वळलेली आहे, ती पश्चिमेकडे फिरवावी. याच्या उलट घडत असेल, तर ती पूर्वेकडे फिरवावी. दोन्ही टोकांना काठ एकाच दिशेने हलवावा लागत असेल, तर मात्र दोष बैठकीचा नसून अक्ष आणि डेक्लिनेशन यांच्या वाटणीचा आहे. दोन्हीकडे उचलावा लागला, तर डेक्लिनेशन कमी करून तेवढाच अक्षाचा कोन वाढवावा, म्हणजे १९.६ ची बेरीज मोडत नाही. आपल्या अक्षांशावर आणि आपल्याला लागणाऱ्या टप्प्यात हा दुसरा दोष क्वचितच त्रासदायक होतो. अर्ध्या अंशाची चूक १०५.५ वर जेमतेम दशांश अंश सरकवते. याउलट बैठकीची एक अंशाची चूक तेथे अर्ध्या अंशाहून अधिक सरकवते.

बैठक किती फिरवावी, याचे माप चार इंची पाइपावर अनायासे मिळते. त्याचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ३५९ मिलिमीटर असतो. अर्थात एक अंश म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. क्लॅम्पच्या काठापासून पाइपावर बारीक मार्करने रेघ मारावी, तिच्या शेजारी पट्टीवरून मिलिमीटरच्या खुणा कराव्यात आणि एका वेळी एकच खूण सरकवावी. दर वेळी आधी ७६.५ पुन्हा शोधून मग टोकाला जावे. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही टोके बसतात. बोल्ट एकाआड एक, आळीपाळीने आवळावेत. एकाच बाजूचा बोल्ट पूर्ण पिळला, तर क्लॅम्प अर्धा अंश तरी सरकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

जागा साठवण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. आधी पूर्व आणि पश्चिम मर्यादा साठवाव्यात, म्हणजे ॲक्चुएटरचा दांडा डिशला किंवा खांबाला भिडणार नाही. मग प्रत्येक उपग्रहाची जागा एकाच बाजूने येऊन साठवावी, उदाहरणार्थ नेहमी पश्चिमेकडून. त्यामुळे स्क्रूमधील ढिलाई जुळवणीत येत नाही. डिश फिरत असतानाच वीज गेली, तर मोजणी चुकते. तेव्हा सगळ्या जागा नव्याने साठवत न बसता एका ओळखीच्या उपग्रहावर डिश आणून रिसिव्हरच्या किंवा पोझिशनरच्या पुनर्मोजणीच्या पर्यायाने सर्व जागा एकदम सरकवाव्यात.

नव्वद सेंटिमीटरची लहान डिश आणि वाकड्या नळीची एच-एच (क्षितिजापासून क्षितिजापर्यंत फिरणारी) मोटार असेल, तरी भूमिती हीच. मोटारीच्या मापपट्टीवर १६.७ अंश लावावे. नळीचा वाक ३० अंशांचा असेल, तर डिशच्या मापपट्टीवर ३० वजा २.९, म्हणजे २७.१ अंश येतील. युरोपातील ग्राहकांसाठी बनवलेल्या काही मोटारींवर इतक्या कमी अक्षांशाच्या खुणा नसतात, हे खरेदीपूर्वी पाहावे. रिसिव्हरमध्ये युसल्सची सोय असल्यास आपले अक्षांश-रेखांश भरले, की उपग्रहाचा कोन तो स्वतःच काढतो. मात्र मोटारीचे शून्य खऱ्या दक्षिणेवर नसेल, तर युसल्सही सगळीकडे तेवढेच चुकते. केयू-बँडमध्ये, म्हणजे लहान डिशवर मिळणाऱ्या अधिक वारंवारतेच्या लहरींत, ९३.५ अंशांवरील जीसॅट-१५ वर डीडी फ्री डिश आहे. तिचा ११०९० व्हर्टिकल हा ट्रान्सपाँडर पूर्वेकडील तपासणीसाठी सोयीचा ठरतो.

जुळवणी खरोखर अचूक झाली की नाही, हे पाहण्याची एक संधी वर्षातून दोनदा येते. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव जसा सूर्य त्याच कलावर परतल्यामुळे हिवाळ्यात दोनदा होतो, तसाच १३ मार्च आणि ३० सप्टेंबर या तारखांच्या आसपास कोल्हापुरातून पाहता सूर्य उपग्रहांच्या कमानीवरून चालत जातो. मार्चमध्ये तो साधारण १०.१८ ला १०५.५ च्या, ११.१३ ला ९३.५ च्या आणि १.२१ ला ६६ च्या मागे येतो. त्या वेळी सिग्नल काही मिनिटे जातो, पण त्याच क्षणी एलएनबीची सावली डिशच्या बरोबर मध्यावर पडली पाहिजे. सावली उत्तर-दक्षिण सरकलेली दिसली, तर चूक किती आणि कोणत्या बाजूला आहे, ते डोळ्यांनी पाहता येते. किरणोत्सवाच्या वाटेतील अडथळ्यांची जशी चर्चा होते, तशी आपल्या वाटेत येणाऱ्या शेजारच्या नारळाची किंवा नव्या मजल्याचीही कल्पना याच दिवसांत येते.

सर्व काही जुळूनही सी-बँडचा सिग्नल एखाद्या दिवशी अचानक नाहीसा झाला, तर स्क्रूंना हात लावण्यापूर्वी आसपास नवा मोबाइल टॉवर उभा राहिला आहे का, ते पाहावे. फाइव्ह-जीसाठी २०२२ मध्ये दिलेल्या लहरी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या आहेत आणि आपला एलएनबी ३७०० पासून पुढे ऐकतो. जवळच्या टॉवरचा जोर त्याला बधिर करतो. यावर एलएनबीसमोर बसणारा फिल्टर हाच उपाय आहे.

एप्रिल-मेमधील वळवाच्या वाऱ्यात डिश दक्षिणेच्या जागेवर आणून ठेवावी. तेथे ती सर्वांत आडवी असते आणि वारा तिच्यावरून निघून जातो. पूर्वेला वळवलेली डिश मात्र शिडासारखी वारा धरते. पावसाळ्यापूर्वी ॲक्चुएटरच्या दांड्याला ग्रीस लावावे, त्यावरचा रबरी बेलो (घड्यांचे आवरण) फाटलेला नाही हे पाहावे आणि पाणी निथळण्याचे भोक खालच्या बाजूला आहे याची खात्री करावी. शेवटी क्लॅम्प आणि पाइप या दोहोंवरून ओढलेला ऑइल पेंटचा एक पट्टा जरूर द्यावा. जूनमध्ये एखाद्या रात्री डिश हलल्याची शंका आली, की बॅटरीच्या उजेडात तो पट्टा तुटलेला दिसतो का, एवढेच पाहायचे असते.